आधी मल्टिसर्व्हिसेसमध्ये जाऊन बस

विद्यापीठाच्या वेबसाइटचा कारभार तुझ्या गळ्यात पडला, असं ताईकडून कळलं. गळ्यात पडला असंच म्हणतो, कारण हे काम कुणी हौसेनं मागून घेत नाही. परीक्षा विभाग, प्रवेश विभाग, नॅकची मंडळी, जनसंपर्क, सगळ्यांचा तिच्यावर हक्क, आणि काही बिघडलं की दोष मात्र संगणक विभागाचा. मी माजलगावच्या एका कॉलेजातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं 'सरांना इंटरनेटचं कळतं' एवढ्याच भांडवलावर कॉलेजची वेबसाइटही सांभाळली. तेव्हा मामाच्या हक्कानं चार गोष्टी सांगतो. तू ज्या विद्यापीठात लागलीस त्याचं नाव घेत नाही. जे सांगणार आहे ते कुठंही कमीजास्त लागू पडेल.

वेबसाइट कुणासाठी, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल आणि 'सर्व घटकांसाठी' असं उत्तर इतिवृत्तात लिहिलं जाईल. त्या उत्तरावर विसंबू नकोस. आमच्या इकडच्या पोरांचं विद्यापीठ म्हणजे संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ते 23 ऑगस्ट 1958 ला सुरू झालं. 1994 ला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ निघालं, आणि आता याच्याकडं छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे आहेत. माजलगावला रेल्वे नाही. गेवराईवरून एसटीनं जायचं म्हटलं तर चार-साडेचार तास. पोरींना 2023 पासून निम्मं तिकीट आहे हे खरं, पण दिवस काही निम्मा जात नाही, सबंध जातो. त्यातून आपला बीड जिल्हा ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी घरं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर जातात, आणि नेमके त्याच दिवसांत हिवाळी परीक्षेचे फॉर्म, हॉल तिकिटं, वेळापत्रकातले बदल सुरू असतात. आईबापासोबत गेलेल्या पोराला विद्यापीठ दिसतं ते रात्री रेंज आली तर, पाच-सहा इंचांच्या पडद्यावर. तू आधी त्याचं बघ. कुलगुरूंच्या दालनातल्या मोठ्या टीव्हीवर वेबसाइट सुंदर दिसते का, हे नंतर.

म्हणून ऑफिसातल्या लीज लाइनवर कधीच काही तपासू नकोस. एक जुना, स्वस्तातला, मेमरी भरत आलेला अँड्रॉइड फोन टेबलाच्या खणात ठेव. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पान उघड. मुखपृष्ठावर ती सरकती चित्रं असतात ना, प्रवेशद्वार, दीक्षान्त समारंभ, वृक्षारोपण? एकेक फोटो कॅमेऱ्यातून निघाला तसाच, पाच-पाच एमबीचा, चढवलेला असतो. ते उलगडेपर्यंत फडावरच्या पोराचा नेट पॅक निम्मा संपतो. फोटो ठेवायचाच तर एक ठेव, आणि शंभर-दीडशे केबीच्या वर जाऊ देऊ नकोस. गंमत बघ, विद्यार्थ्याला फोटो 50 केबीच्या आत करून द्या म्हणणारी विद्यापीठं स्वतःच्या फोटोला मात्र काही मर्यादा घालत नाहीत.

आता मुख्य कानमंत्र. रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एक दिवस सुट्टी काढ आणि एसटी स्टँडजवळच्या एखाद्या मल्टिसर्व्हिसेसमध्ये नुसती बसून राहा. परीक्षेच्या फॉर्मचे दिवस धर. या दुकानांत झेरॉक्स, आधार, पॅन, सातबारा, जात पडताळणी आणि विद्यापीठ सगळं एकाच टेबलावर चालतं. तुझ्या वेबसाइटचा खरा जाणकार तोच दुकानदार. नीट बघ तो काय करतो. तुमचं मुखपृष्ठ तो उघडतच नाही. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत त्यानं पाच-सहा पत्ते साठवून ठेवलेले असतात: फॉर्मचं लॉगिन, निकाल, हॉल तिकीट, शिष्यवृत्तीचं महाडीबीटी. शेजारी एक वही असते. तिच्यात शेवटची तारीख, विलंब शुल्काची तारीख, अतिविलंब शुल्काची तारीख. वेळापत्रक आलं की प्रिंट काढून काचेच्या दारावर चिकटवतो आणि फोटो काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. तालुक्यातली पोरं तो फोटो बघतात, तुमचं परिपत्रक बघत नाहीत.

तिथं बसल्यावर आणखी काय दिसेल सांगतो. पोरगी पीआरएन नंबर मोबाइलमधल्या फोटोतून वाचून सांगते. पासवर्ड विसरलेला असतो. ओटीपी बापाच्या मोबाइलवर जातो आणि बाप रानात असतो. दुकानदार फोन लावतो, बाप ओटीपी आकडा आकडा करून वाचतो, तोवर लॉगिनचं सत्र संपून पान पहिल्यापासून सुरू होतं. सही कागदावर घेऊन, फोटो काढून, कातरून, केबीत बसवेपर्यंत रांगेत आणखी तिघं येऊन उभी राहतात. शेवटी पैसे कटतात, पावती येत नाही. 'कॉलेजनं फॉर्म इनवर्ड केला का, कुठं कळतं?' हा प्रश्न दिवसभरात ज्याच्या त्याच्या तोंडी असतो, आणि त्याचं उत्तर बहुधा पडद्यावर कुठंच नसतं. हे सगळं तुझं काम आहे. मुखपृष्ठाचा रंग निळा की हिरवा, हे नव्हे. परत गेल्यावर तीनच गोष्टी सुधारल्यास तरी चालेल: सत्राची मुदत वाढव, सही-फोटो वेबसाइटनंच लहान करून घ्यावा अशी सोय कर, आणि फॉर्म कुठवर पोचला ते एका ओळीत दिसू दे. पैसे कटले आणि पावती आली नाही तर किती दिवस थांबायचं, दुसऱ्यांदा भरायचे की नाही, हेही पैसे भरायच्या बटणाच्या वरच लिही, खाली नको.

याकोब नील्सन नावाचे या शास्त्रातले एक मोठे जाणकार आहेत. त्यांनी 2000 सालीच लिहून ठेवलंय की पाच माणसांना वेबसाइट वापरताना बघितलं तरी तिचे बहुतेक मोठे दोष कळतात. त्यासाठी सल्लागार नेमायला नको आणि निविदाही काढायला नको. पाच पोरं बोलव, प्रत्येकाला एकच काम दे: 'बी.ए. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम काढून दाखव.' मग तोंडाला कुलूप लाव. 'अगं, वर उजवीकडं बघ' असं म्हणायचा मोह होईल. म्हणू नकोस. पोरगं चुकत असेल तर पान चुकलंय असं धर.

मुखपृष्ठाबद्दल अमेरिकेतल्या रँडल मन्रो या चित्रकारानं 2010 साली एक व्यंगचित्र काढलं. दोन वर्तुळं, एकमेकांवर जराशी चढलेली. एकात विद्यापीठं मुखपृष्ठावर काय टाकतात ते: प्रमुखांचं मनोगत, फोटो, बातम्या. दुसऱ्यात लोक तिथं काय शोधत येतात ते: अर्ज, वेळापत्रक, फोन नंबर, नकाशा. दोन्हींत सामाईक काय, तर विद्यापीठाचं पूर्ण नाव, एवढंच. आपल्याकडं त्यात आणखी भर पडते. आपलं मुखपृष्ठ म्हणजे लग्नपत्रिका असते. भावकीतल्या एकाचंही नाव राहिलं तर रुसवा. प्रत्येक विभागाला, केंद्राला, अध्यासनाला आपली लिंक मुखपृष्ठावरच हवी असते. तू नाही म्हणशील तर वाईट होशील. म्हणून तोंडानं नाही म्हणू नकोस, आकडे दाखव. कोणत्या पानाला महिन्यात किती जण आले याची नोंद फुकटात ठेवता येते. वेबसाइटच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात तेही काढून ठेव. ती यादी बैठकीत ठेवलीस की निम्मे वाद आपोआप मिटतात. उरलेल्यांसाठी 'विभाग' म्हणून एक नीटनेटकं पान कर आणि त्यात सगळ्यांना मानानं बसव.

मुखपृष्ठ मोसमाप्रमाणं बदललं पाहिजे. जून-जुलैत प्रवेश वर, ऑक्टोबर आणि मार्चमध्ये फॉर्म आणि वेळापत्रक वर, त्यानंतर निकाल आणि पुनर्मूल्यांकन वर. मनोगत बारा महिने तळाला राहिलं तरी कुणाचं काही अडत नाही. आणि ती पळती अक्षरं, लाल रंगात लुकलुकणारं 'न्यू', तेवढं काढ बाई. दोन वर्षांपूर्वीच्या परिपत्रकापुढंही ते लुकलुकत असतं. आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांच्या वर चालत असेल तर तो थांबवायची सोय हवी, असा जगभर मानला गेलेला सुगम्यतेचा नियमच आहे.

पीडीएफवर तर मी तासभर बोलू शकतो. पत्र टाइप होतं, प्रिंट निघते, साहेब सही करतात, शिक्का बसतो, मग ते स्कॅन होतं, जरा तिरकं, आणि वेबसाइटवर चढतं. फाइलचं नाव 'स्कॅन 0043' नाहीतर 'फायनल करेक्टेड 2'. आत बेचाळीस पानं, त्यातल्या सदतिसाव्या पानावर माजलगावच्या केंद्राचं नाव. पोरगं दोन बोटांनी मोठं करत, सरकवत, परत मोठं करत बसतं. अशा फाइलमध्ये शोध चालत नाही, गुगललाही आतलं नीट दिसेलच असं नाही. आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याला तर तो कोरा कागद. एनव्हीडीए नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ऑस्ट्रेलियातल्या एका दृष्टिहीन तरुणानं 2006 साली त्याचं काम सुरू केलं. पडद्यावरचं वाचून दाखवतं, मराठीही वाचतं. तुझ्या संगणकावर ते टाक, पडदा बंद कर आणि आपल्याच वेबसाइटवरून परीक्षेची तारीख शोधून बघ. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा आणि सरकारी वेबसाइटांची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही हेच सांगतात, पण एकदा पडदा बंद करून बसलीस की कायदा वेगळा वाचावा लागणार नाही.

उपाय सोपा आहे. सही-शिक्क्याची प्रत दप्तरासाठी असू दे, तिची लिंक खाली दे. वर मात्र मजकूर साध्या पानावर टाइप कर: काय, कुणासाठी, शेवटची तारीख, कुणाला विचारायचं. टाइप करताना युनिकोडच. अजूनही काही टेबलांवर कृतिदेवमध्ये टाइप होतं आणि वेबसाइटवर चिकटवलं की त्याची मंत्राक्षरं होतात. आणि शुद्धिपत्रक आलं की जुन्या सूचनेतच दुरुस्ती कर, वर तारीख घालून 'बदल' म्हणून लिही. जुनं वेळापत्रक एकीकडं आणि शुद्धिपत्रक दुसरीकडं राहिलं की पेपर बुडतो, आणि तो आपला बुडत नाही, पोराचा बुडतो.

निकालाच्या दिवसाचा धडा बोर्डाकडून घे. दहावी-बारावीचा निकाल बघताना दोनच रकाने भरायचे असतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. तारीख आणि वेळ आधी जाहीर होते, एकाऐवजी अनेक वेबसाइटांवर तोच निकाल मिळतो. लाखो पोरं एका दुपारी बघतात आणि आईलाही कळतं आपलं नाव कुठं लिहायचं ते. विद्यापीठाच्या निकालाला मात्र अभ्यासक्रम निवडा, पॅटर्न निवडा, सत्र निवडा, परीक्षा निवडा अशा पायऱ्या असतात. जे नंबरावरून संगणकाला कळतं ते पोराला विचारू नये. 'निकाल लवकरच' असंही कधी लिहू नकोस. तारीख ठरली नसेल तर ठरली नाही असं लिही. लवकरच म्हटलं की पोरं रात्रभर पान ताजं करत बसतात आणि तुझा सर्व्हर त्यातच झोपतो.

आता जाहिरातीचं. तुला सांगतील, सोशल मीडियावर दिसलं पाहिजे, रील केलं पाहिजे, ड्रोननं परिसराचं चित्रण केलं पाहिजे. कर, हरकत नाही. पण जूनमध्ये माजलगावचा बाप पोरीच्या अॅडमिशनसाठी काय विचारतो? फी किती, होस्टेल मिळतं का, मेसचं किती, कागद कोणते लागतात, शेवटची तारीख कोणती, पुढं नोकरीचं काय. अभ्यासक्रमाच्या पानावर या सहा प्रश्नांची खरी उत्तरं असतील तर तीच जाहिरात. 2024-25 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हे त्या-त्या अभ्यासक्रमाच्या पानावर, फीच्या आकड्याला लागूनच लिहिलं पाहिजे. शासन निर्णयाची लिंक देऊन मोकळं होणं उपयोगाचं नाही. एखादी पोरगी फीचा आकडा बघूनच पान बंद करत असेल तर तिला ती माफी कळणार कधी? स्वाधार योजनेचंही तसंच. ज्याला वसतिगृह मिळालं नाही त्या अनुसूचित जातीच्या मुलाला राहण्या-जेवणाचे पैसे मिळू शकतात, हे वसतिगृहाच्या पानावरच सांग, समाजकल्याणच्या भरवशावर सोडू नकोस.

'नामांकित', 'सर्वांगीण विकास', 'जागतिक दर्जा' हे शब्द गाळून टाक. ते सगळ्यांच्याच वेबसाइटवर आहेत, म्हणून कुणाच्याच कामाचे नाहीत. त्याऐवजी जे दुसरीकडं मिळत नाही ते ठळक कर. पैठणला संतपीठ 2021 साली मराठवाडा विद्यापीठाच्या अखत्यारीत सुरू झालं. संतवाङ्मय शिकायची इच्छा असलेला माणूस पुण्यात, बडोद्यात, अगदी न्यू जर्सीतही बसलेला असू शकतो, आणि तो विद्यापीठाचं नाव शोधणार नाही, विषय शोधणार. तुझ्याकडं असं काय आहे ते आधी शोध आणि त्याचं पान असं लिही, की शोधणाऱ्याला नावानिशी सापडेल.

नावाचा मुद्दा आपल्याकडं नाजूक, आणि तरी वेबसाइटपुरता व्यवहाराचाच. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्यामागं किती माणसांचं काय-काय गेलं हे तुझ्या आजीला विचार. पुढं शहराचं आणि धाराशिव जिल्ह्याचं नावही बदललं. पोरं मात्र मोबाइलवर 'बामू' टाइप करतात, म्हातारे 'मराठवाडा विद्यापीठ' म्हणतात, परप्रांतातली कंपनी प्रमाणपत्र पडताळताना 'औरंगाबाद' शोधते. अधिकृत नाव ठळक आणि पूर्ण, त्यात तडजोड नाही. पण मजकुरात बाकीची नावंही कुठंतरी यायला हवीत, नाहीतर शोधणारा दलालाच्या पानावर जाऊन पडतो. पत्ता तर शक्यतो बदलूच नये. पुण्याच्या विद्यापीठाचा 2014 साली नामविस्तार झाला, तरी वेबसाइटचा पत्ता 'युनिपुणे'च राहिला. शहाणपणाचं केलं. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 सालीच बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नसतात. आतल्या पानांनाही हेच लागू. नवी वेबसाइट केली आणि जुने पत्ते मेले, की त्या दुकानदाराच्या पाच-सहा खुणा एका रात्रीत मातीमोल.

कारभाराच्या बाबतीत थोडक्यात. डोमेन संस्थेच्या नावावर आहे का, आधी बघ. 'एसी डॉट इन' हे पत्ते अर्नेट इंडिया देतं, त्याची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिही, आणि सूचना ज्या ई-मेलवर येते तो निवृत्त माणसाचा नाही ना, याची खात्री कर. ठेकेदाराच्या करारात सोर्स कोड आणि डेटा आपला, असं स्पष्ट हवं. प्रत्येक पानाला एक धनी हवा, त्याचं पद आणि शेवटच्या बदलाची तारीख पानाच्या तळाशी. फोन नंबर दिलास तर तो उचलला जातो का ते स्वतः लावून बघ. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मधले सतरा मुद्दे स्वतःहून प्रसिद्ध करायचेच आहेत. ते कळेल अशा भाषेत टाकलेस तर अर्जांचा ढीगही कमी होईल. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर, 1800-180-5522, प्रत्येक पानाच्या तळाशी, नुसता आकडा नव्हे, दाबला की लागेल असा.

मार्चअखेरीला निधी उरला की कुणीतरी म्हणेल, वेबसाइट नवी करू. नको म्हण. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं माहिती तंत्रज्ञान मंडळ दिलंय, त्याच्यापुढं वेगळा प्रस्ताव ठेव. प्रोग्रॅमर विद्यापीठाकडं असतात, सर्व्हर असतात, ठेकेदार तर असतातच. परिपत्रकाची सोपी मराठी करून, तारीख वर घेऊन, चार ओळींत लिहिणारा पूर्णवेळ माणूस मात्र कुठल्याच मंजूर आकृतिबंधात नसतो. मराठीची एम.ए. झालेली, टायपिंग येणारी पोरं आपल्या जिल्ह्यात ढिगानं आहेत. तसं एक पद मागून घे, आणि मुलाखतीला प्रश्न विचारायचा झाला तर त्यांच्यापुढं परीक्षा विभागाचं एक परिपत्रक ठेव आणि म्हण, हे आता फडावरच्या पोराला कळेल असं लिहून दाखव.